‘पडीक’ म्हणून मांडलेली जमीन

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सर्वसाधारण सभेनें २०२२ च्या मार्चमध्यें मंगोलियाच्या सूचनेवरून ठराव केला आणि २०२६ हें वर्ष जगांतील चराऊ रानें व त्यांवर जगणारे पशुपालक यांच्या नांवें लाविलें. अंधेरी-बोरिवलीच्या दुकानदारास किंवा मुलुंड-घाटकोपरच्या नोकरदारास या ठरावाचें काय, असें कोणी विचारील तर तो प्रश्न वावगा नाहीं. आमच्या उपनगरांत वर्षाकांठीं २,००० मिलिमीटरांवर पाऊस पडतो. येथें गवताची वाण आहे ती जागेच्या अभावीं, पाण्याच्या अभावीं नव्हे. तथापि ब्रासच्या मापानें विकला जाणारा जो मुरूम इमारतींच्या पायांत व रस्त्यांच्या भरावांत आपण रोज पाहतों, तोच घाटापलीकडे लक्षावधि जनावरांचें कुरण आहे. आणि घाटकोपर-भांडुपच्या चाळींतून राहणाऱ्या माण-खटावच्या मंडळींचें गांवाकडील घर बहुधा अशाच मुरमाच्या कडेला आहे.

अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्यांनीं पाहिला असेल त्यांस या जमिनीची उत्पत्ति सांगण्यास फार शब्द नकोत. सुमारें २०० फूट उंचीचे ते काळ्या पाषाणाचे उभे खांब म्हणजे थिजलेला ज्वालामुखीचा रस होय. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं अशाच रसाचे थरावर थर बसून सह्याद्रीपासून विदर्भापर्यंतचा बहुतेक महाराष्ट्र घडला. हा पाषाण ऊनपावसानें फुटतो, कुजतो. त्याचा बारीक गाळ पाण्याबरोबर नदीकांठीं जाऊन तेथें काळी कसदार जमीन होते. जाड खडे, गोटे व मुरूम मात्र पठारावर, डोंगराच्या पायथ्याशीं आणि ओढ्यांच्या तोंडाशीं पसरून राहतात. त्यांत पावसाचा भेद पडतो. महाबळेश्वरास वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. तेथून पूर्वेस शंभरएक किलोमीटरांवर असलेल्या माण तालुक्यांत तो जेमतेम ५०० च्या घरांत. एवढ्याशा पाण्यानें खडकांतला चुना धुऊन जात नाहीं. जमिनींत उतरलेलें पाणी उन्हानें उडतें, आणि चुना चुनखडीचे खडे होऊन मागें राहतो. शेतकरी अशा जमिनीस बरड म्हणतो व तिच्या विस्तारास माळ. हें राजस्थानचें वाळवंट नव्हे. पण मार्चनंतर तिकडून जाणारास त्याचाच भास व्हावा.

वीतभर मातीखालीं मुरूम, मुरमाखालीं खडक, असा हा सौदा आहे. वरचे खडे पावसाचा मार आपल्या अंगावर घेतात व पाणी आंत सोडतात, परंतु उथळ मातींत तें फार दिवस टिकत नाहीं. मोठ्या झाडास हें परवडत नाहीं, गवतास परवडतें. पावसाच्या दोनचार महिन्यांत अंकुर, पात आणि बीं असा सारा संसार उरकून तें मुळांनिशीं निजून राहतें व पुढच्या मृगाची वाट पाहतें. पवन्या, शेडा, मारवेल हीं गवतें या मातीचें खरें पीक होत. शिवाय मुरमांतून झिरपलेलें पाणी खडकाच्या भेगांनीं खालच्या विहिरींस पोंचतें, ही गोष्ट विहीर आटेपर्यंत कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

मग अशी जमीन सरकारी भाषेंत ‘पडीक’ कशी ठरली? त्याची जन्मकथा हिशेबाच्या वहींत आहे, आणि व्यापारी वाचकांस ती लौकर उमजेल. पेशवाई गेल्यावर पुणें प्रांतांत प्रिंगलसाहेबांनीं बसविलेला धारा रयतेस झेपला नाहीं. म्हणून १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट या अंमलदारांनीं इंदापूर तालुक्यांत नवी पाहणी आरंभिली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें तिचे नियम पक्के झाले. जमिनीच्या नऊ प्रती केल्या. खोल, निर्मळ काळीस सोळा आणे. अगदीं उथळ जमिनीस दोन आणे. चुनखडी मिसळली, वाळू मिसळली, उतार असला, कीं प्रत खालीं. नांगराच्या उपयोगीं न पडणारा तुकडा पोटखराब म्हणून आकारांतून वगळला. प्रिंगलच्या धाऱ्यापुढें ही रयतेवर मोठीच दया होती, हें कबूल केलें पाहिजे. परंतु जमीन मोजण्याचा गज एकच राहिला, तो नांगराचा; आणि ज्याचा आकार शून्य त्याची किंमतही शून्य, असा अर्थ पुढच्या पिढ्यांनीं आपल्या पदरचा काढला. पोटखराब हा शब्द सातबाराच्या उताऱ्यावर अद्याप आहे. २००० सालीं देशांतील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यांतही झुडपी जमीन आणि खालावलेलीं कुरणें यांस त्याच छत्राखालीं बसविण्यांत आलें.

नांवाचा परिणाम कामावर होतो. राज्याच्या वृक्षलागवडीचीं उद्दिष्टें २०१६ सालीं २ कोटी, मग ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ सालीं ३३ कोटी अशीं चढत गेलीं. इतकीं झाडें लावावयाचीं तर जागा पाहिजे, व दुरून रिकामी दिसणारी जागा म्हणजे माळ. तेथें चर खणले गेले, गिरिपुष्पासारखीं परदेशी झाडें आलीं. झाड लावणें चांगलें, यांत वाद नाहीं. पण गवताच्या घरांत झाड घुसवून वन वाढत नाहीं आणि गवत मात्र जातें. सोलापूर-अहिल्यानगरकडील माळढोक अभयारण्य १९७९ सालीं जाहीर झालें तेव्हां कागदावर सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटरांचें होतें. पुढें तें १,२२२ वर आलें. उघडें रान हेंच ज्याचें घर, तो पक्षी आज तेथें जवळजवळ नामशेष आहे.

आतां सौर विजेचा उद्योग आला आहे. शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी या हेतूशीं आमचें भांडण नाहीं, आणि असूंही नये. परंतु २०२३ च्या सौर कृषि वाहिनी योजनेंत खाजगी जमिनीस हेक्टरीं वार्षिक १,२५,००० रुपये भाडें ठरलें, तर सरकारी जमीन नाममात्र भाड्यानें द्यावयाची आणि ग्रामपंचायतीस ठराविक अनुदान. त्या सरकारी जमिनींत गांवोगांवचीं गायरानेंही आलीं. एकाच माळाच्या दोन बाजू. एकीचा मालक आहे म्हणून तिला दर आहे, दुसरी साऱ्या गांवाच्या गुरांची आहे म्हणून तिला दर नाहीं! कोणत्या पेढीवर असा व्यवहार मान्य होईल?

त्या दुसऱ्या बाजूच्या खात्यावर काय जमा आहे तें पाहूं. पावसाळ्यांत शेतें पेरलेलीं असतात. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांस तेव्हां पाय टेंकावयास माळावांचून जागा नसते. दिवाळीनंतर त्यांतले पुष्कळ कळप घाट उतरून रायगड-ठाण्याकडे येतात. शेतकरी त्यांस आपल्या शेतांत बसवितो व रात्रभराच्या खतापोटीं धान्य किंवा रोकड देतो. म्हणजे बरडावरचें गवत काळ्या जमिनीच्या पिकांत उतरतें. घोंगडीची लोकर तीच, बाजारचें मटणही तेंच. १९७१ पासून चालू असलेल्या देवनारच्या कत्तलखान्यांत उभें राहणारें जनावर कोणत्या ना कोणत्या माळावर वाढलेलें असतें. हा सर्व वसूल कोणत्याही वहींत माळाच्या नांवें पडत नाहीं.

अमेरिकेंत नेव्हाडा, ॲरिझोना या कोरड्या प्रांतांत ज्वालामुखी खडकांच्या गाळानें बनलेल्या अशाच खडकाळ जमिनी आहेत. अतिचराईनें तीं रानें उजाड होऊं लागलीं तेव्हां १९३४ सालीं टेलर चराई कायदा आला. तेथील मृदापाहणीच्या पुस्तकांत अशा जमिनींपुढें तिजवर स्वभावतः कोणतें गवत उगवतें, आणि चांगल्या, मध्यम व वाईट वर्षीं एकरीं किती पौंड सुकी वैरण निघते, याचा अंदाज मांडलेला असतो. जमीन तशीच खडकाळ, फरक रकान्याचा.

आमचे माळ आज उत्तम स्थितींत आहेत असें मात्र नव्हे. पुष्कळ ठिकाणीं चराई मर्यादेबाहेर गेली आहे, चांगलें गवत जाऊन कुसळी माजली आहे, आणि गायरानांवर अतिक्रमणें इतकीं झालीं कीं २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयास तीं हटविण्याविषयीं आदेश द्यावा लागला. अतिक्रमण करणारांत बेघर गरीबही आहेत, हा त्यांतला कठीण भाग. पण ज्या जमिनीचें उत्पन्न लिहिलेलेंच नाहीं, ती किती खालावली हें तरी कशावरून ठरविणार? १९६६ चा जमीन महसूल संहितेचा कायदा गांवच्या गुरांस मोफत चराईसाठीं जमीन राखण्याची तरतूद करतो. ती जमीन किती गुरें पोसूं शकते हा आंकडा त्याच्या शेजारीं असावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. नागपुरास मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था १९७६ पासून आहे, राहुरीस कृषि विद्यापीठ आहे. दोघांनीं मिळून माळांच्या गवताची तीन प्रकारच्या वर्षांची मोजणी करावी व ती गांवच्या दप्तरांत चढवावी. आणि पहिली सांखळी पडावयाची तर ती पुन्हां इंदापुरांतच पडावी.