सोडा, पण कोणता?

आमच्या शेजारच्या मराठी घरी मागे एकदा भज्यांचा बेत होता. आजींनी नातवाला सोडा आणावयास बेगम बाजारात पिटाळले. ठोक बाजार तो. तेथे मिळत नाही असे काही नाही. मुलाने 'सोडा द्या' एवढेच म्हटले आणि दुकानदाराने सोडाच दिला. तो पिठात पडणार इतक्यात नववीतल्या नातीचे लक्ष पुडीकडे गेले. कागद ओलसर होऊन चिकटला होता, आतल्या पांढऱ्या पापुद्र्यांना पाणी सुटले होते. "आजी, हात लावू नकोस, हा कॉस्टिक आहे!" हवेतील ओलावा शोषून पाझरू लागणे हा कॉस्टिक सोड्याचा स्वभावच. तो पोटात गेला तर जीभ, घसा, अन्ननलिका भाजून निघतात. तुंबलेली मोरी मोकळी करणारा पदार्थ भज्यांत चालला होता!

दोष कोणाला द्यावा? आम्ही तो नावाला देतो. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा हे तिघे बाजारात एकाच नावाने वावरतात. रसायनशास्त्रात त्यांची नावे अनुक्रमे सोडियम बायकार्बोनेट, सोडियम कार्बोनेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड. पहिला शब्द तिन्हींत एकच आहे. खरा भेद दुसऱ्या शब्दात आहे, आणि बाजार नेमका तोच गिळतो.

हे दोन शब्द येतात कोठून? सोडियमच्या अणूत 11 इलेक्ट्रॉन असतात: आतून बाहेर 2, 8 आणि शेवटच्या कक्षेत एकटा 1. तो एकटा सोडियम सहज देऊन टाकतो. मग आठांची भरलेली कक्षा बाहेर राहते. ऋण भाराचा कण गेल्यामुळे उरलेल्यावर एक धन भार येतो. अशा भारित अणूला किंवा अणुगटाला आयन म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जाणारा'. विजेच्या ध्रुवाकडे जातो म्हणून फॅरेडेने 1834 मध्ये हा शब्द रूढ केला. क्लोरीनची गत उलट. त्याचे 17 इलेक्ट्रॉन 2, 8, 7 असे बसलेले. एक मिळाला की आठ पूर्ण होतात आणि तो ऋण आयन बनतो. सोडियम धातू पाण्यात टाकला तर भडकतो; क्लोरीन वायू 1915 मध्ये रणांगणावर माणसे मारण्यास वापरला गेला. या दोघांचे आयन एकत्र आले की आपल्या ताटातले मीठ!

नाव ठेवण्याची शिस्त लाव्हाझिए व त्याच्या तीन सहकाऱ्यांनी 1787 मध्ये पॅरिसला घालून दिली. आज धन आयन आधी, ऋण आयन नंतर लिहितात. ऋण आयन एकाच मूलद्रव्याचा असेल तर शेवट 'आइड': क्लोराइड, सल्फाइड. ऑक्सिजनसह गट असेल तर बहुधा 'एट': कार्बोनेट, सल्फेट. हायड्रॉक्साइड हा अपवाद, आणि आमची मुले हमखास तेथेच अडखळतात. कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणून त्याला दोन क्लोरीन लागतात; तरी नाव कॅल्शियम क्लोराइड एवढेच. 'दोन' म्हणावे लागत नाही, भारांची बेरीज शून्य व्हावयाची हे ठरलेलेच असते.

आपल्यासारख्या, चार भाषांच्या गलबल्यात राहणाऱ्यांना ही शिस्त विशेष सोयीची. घरात मोरचूद, उर्दूत नीला थोथा, तेलुगूत मैलुतुत्तम. कॉपर सल्फेट म्हटले की वाद मिटतो. डॉ. रघुवीरांनी सोडियमला 'क्षारातु' आणि क्लोरीनला 'नीरजी' अशी संस्कृत नावे घडविली होती. घडण देखणी, पण ती बाजाराच्या जिभेवर बसली नाही. असो.

भजी त्या दिवशी सोड्यावाचूनच झाली. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा नात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत होती. तुरटीच्या डब्यावर 'पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट' काही केल्या मावेना.

"मास्तर, हिचेच नाव एवढे लांब कसे हो?" आजींनी विचारले.

"हिच्यात धन आयन दोन आहेत, आजी. दोघांचीही नावे लिहावी लागतात."