चढणीच्या माशांना महिनाभर वाट द्या

मा. मत्स्यव्यवसाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आपल्या किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. मासळी विणीवर असते म्हणून ही बंदी, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. त्याच दिवसांत कोकणातल्या ओढ्यांना पहिला लोंढा येतो आणि गोड्या पाण्यातले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्यांच्या वाटेवर मात्र रात्रभर पाग आणि बॅटऱ्या घेऊन माणसं उभी असतात. कोणी याला वलगण म्हणतं, कोणी चढण. या माशांच्या वतीने आपल्याला लिहितो आहे.

पहिल्या पुरात धरलेला मळ्या चिरून पाहावा. दोन्ही अंगांना गाबोळी इतकी ठासलेली असते की आतडी एका कडेला दबून गेलेली दिसतात. कार्प कुळातल्या कटला-रोहूसारख्या मोठ्या माशांत मादीच्या दर किलो वजनामागे लाखाच्या वर अंडी निघतात. चवीला गाबोळी उत्तम, यात वाद नाही. पण ती तव्यावर गेली की पुढच्या वर्षीचे मासेही तिच्याबरोबर जातात.

पाणी गार, गढूळ आणि वाहतं झालं की माशाच्या मेंदूखालची पीयूष ग्रंथी संप्रेरकं सोडते आणि तयार अंडी पिकतात. आपल्या खात्याचं तर अर्धं काम या एका ग्रंथीवर चालतं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी तिचाच अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालून घेतली, आणि त्यातून देशभरची मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या तळ्यात आपणहून वीत नाहीत, म्हणून ती सुई लागते. आमच्या ओढ्यात तेच काम पहिला पाऊस करतो. मासे बांधाच्या फोडीतून भाताच्या खाचरापर्यंत येतात, कारण उथळ, कोमट पाण्यात पिल्लांना खायला सूक्ष्म जीव भरपूर आणि त्यांना गिळणारे मोठे मासे कमी. पाणी ओसरताना पिल्लं त्याच वाटेने नदीला मिळतात.

तलावांत बोटुकली सोडण्याला माझा विरोध नाही. त्यावर सहकारी संस्थांची चूल पेटते. पण नदीतले मासे संपले की बीज सोडू, हा विचार मला घातक वाटतो. रोहू-कटला मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. ते मळ्या, खवल, शिंगाळा यांची जागा भरून काढत नाहीत. लोणावळ्याच्या महाशीर केंद्राचं उदाहरण आपल्यासमोर आहे. दख्खनी महाशीर वाचवण्याचं मोलाचं काम तिथे झालं. पण तो मासा कावेरीत सोडला गेला, तिथे फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महाशीर 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. अभ्यासक यामागे या परक्या भाऊबंदाचाही मोठा हात मानतात. प्रत्येक नदीचे मासे त्या नदीतच वाढू द्यायला हवेत.

माझी मागणी छोटी आहे. पहिल्या लोंढ्यापासून महिनाभर ओढे, ओहोळ आणि खाचरांच्या तोंडाशी चढणीचे मासे धरू नयेत. कातकरी कुटुंबाने कालवणापुरते चार मासे नेले तर नदी रिकामी होत नाही, आणि त्यांच्यावर काठी उगारून ही बंदी राबवू नये. नदी रिकामी होते ती इन्व्हर्टरचा करंट सोडणाऱ्यांमुळे, ब्लीचिंग पावडर ओतणाऱ्यांमुळे, टोपल्या भरून बाजारात नेणाऱ्यांमुळे. सुरुंग आणि विषाने मासे मारायला तर 1897 च्या कायद्यापासून मनाई आहे.

दुसरं, सिमेंटचे बंधारे. पुरात अशा बंधाऱ्याखाली उभं राहिलं की दिसतं: मासा उसळी घेतो, उभ्या भिंतीवर आदळतो, खालच्या काँक्रीटवर पडतो, पुन्हा उसळी घेतो. धरायला आलेल्यांना फक्त वेचायचं उरतं. बंधाऱ्याच्या एका कडेला दगडांचा खडबडीत, मंद उतार केला तर बरेच मासे वर जातील. जलसंधारण खात्याला हे आपण सांगितलंत तर त्याला वजन येईल.

लोक ऐकणार नाहीत, असं कृपया समजू नका. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंडीत, वाड्याजवळ वैतरणेवर तिळशाला, देवाचे म्हणून महाशीर पिढ्यान् पिढ्या राखले गेले आहेत. मात्र डोह राखून मोठे मासे वाचतात. त्यांची वीण वाचायला वरचे ओढेही राखावे लागतील.

फक्त बंदीची एकच तारीख मुंबईहून काढू नका. सावंतवाडी आणि जव्हारला पहिला पूर एका दिवशी येत नाही. तारीख ग्रामसभेने ठरवावी, आपल्या तालुक्याच्या अधिकाऱ्याने ती नोंदवावी. त्यासाठी ग्रामपंचायतींना आपलं पत्र मे महिन्यातच पोहोचायला हवं. जूनमध्ये आलं तर उशीर झालेला असेल.

आपला,
काळ नदीच्या खोऱ्यातला एक भातशेतकरी