पित्त म्हणून सोडून देऊ नका!

उपवासाची खिचडी खाल्ली आणि दहा मिनिटांत पोराच्या अंगावर गांधी उठल्या. ओठ सुजले. घरातलं कुणीतरी म्हणतं, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा." तासाभरात सगळं निवळतं. घर विसरून जातं.

तुम्ही विसरू नका. ही शेंगदाण्याच्या कुटाची ॲलर्जी असू शकते. कुठे दूध, कुठे अंडं, कुठे काजू, तीळ, गहू किंवा कोळंबी. आज गांधींवर निभावलं म्हणून पुढच्या वेळीही निभावेल, असं कुणीच सांगू शकत नाही. घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. मग हाती उरतात ती मिनिटं.

म्हणून आजच लिहून ठेवा. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, किती वेळ टिकला. गांधींचा फोटो काढा. पुड्यातला खाऊ असेल तर पुडा जपून ठेवा. हे सगळं घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. निदानाची सुरुवात तुमच्या या नोंदीपासूनच होते. त्वचेवरची किंवा रक्ताची तपासणी त्यानंतर.

काही ॲलर्जी लगेच दिसत नाहीत. तान्ह्या बाळाच्या शीतून रक्त जातं, उलट्या थांबत नाहीत, इसब हटत नाही, वजन वाढत नाही. दूध पोटात गेल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनी त्रास होतो. असली ॲलर्जी रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. डॉक्टर तो पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद करतात, मग पुन्हा सुरू करून पाहतात. ही दुसरी पायरी टाळू नका, तिच्याशिवाय निदान पुरं होत नाही. आणि ज्या पदार्थाने लगेच गांधी किंवा सूज आली, तो घरी पुन्हा देऊन पाहू नका. ती परीक्षा दवाखान्यातच होऊ द्या.

उलटा धोकाही तितकाच खरा आहे. संशयावरून दूध बंद, अंडं बंद, गहू बंद! वाढत्या वयात ताट रिकामं करू नका. शंभर पदार्थांच्या 'आयजीजी' तपासण्या किंवा केसांच्या तपासण्या यांवर पैसे घालू नका, त्यांनी ॲलर्जी ठरत नाही. गाईचं दूध सोसत नाही म्हणून मनानेच शेळीचं सुरू करू नका, बहुतेकांना तेही बाधतं.

निदान झालं, की शाळेत सांगा. डबे वाटून खाणाऱ्या मित्रांना सांगा. पुड्यावरची ॲलर्जीची सूचना वाचा. वयात आलेली मुलं चारचौघांत लाजून गप्प बसतात. त्यांना बोलायला शिकवा.

श्वास अडला, आवाज बसला, भोवळ आली, तर गोळी देऊन वाट पाहत बसू नका. 108 ला फोन करा. मुलाला आडवं ठेवा. दम लागत असेल तर बसवा, पण चालवू नका. अशा वेळी जीव वाचवतं ते मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. डॉक्टरांनी ते घरी ठेवायला दिलं असेल तर आधी ते टोचा, मग फोन करा.

पुढच्या उपवासाची वाट पाहू नका. गेल्या वेळी काय झालं ते आज रात्री आठवा, लिहा आणि उद्याच डॉक्टरांची वेळ घ्या. शेजारच्या आईलाही सांगा.