न तुटणाऱ्या तारांचा हिशेब

बारा-तेरा वर्षांचं मूल टेनिसच्या स्पर्धा खेळू लागलं की पुण्या-मुंबईतले पालक त्याची रॅकेट घेऊन गटिंगला, म्हणजे तारा बसवून घ्यायला, जातात आणि दुकानात पहिला प्रश्न विचारतात, तो टिकाऊपणाचा. उत्तर बहुधा ठरलेलं असतं : पॉलिएस्टर घ्या. तार चिवट, भाव आवाक्यातला, शिवाय टीव्हीवर दिसणारे खेळाडूही तीच वापरतात. आमच्या मते बहुतेक मुलांसाठी ही निवड चुकीची आहे, आणि हौसेनं खेळणाऱ्या बहुतेक मोठ्यांसाठीही. तार तुटली नाही म्हणजे ती चांगली आहे, हे गृहीतक पॉलिएस्टरच्या बाबतीत लागूच पडत नाही.

बाजारात मिळणाऱ्या तारा ढोबळमानानं तीन जातींच्या. सर्वांत जुनं नॅचरल गट. फ्रान्समधल्या ल्यों शहरातली बाबोला कंपनी ते 1875 पासून बनवते आहे. आज ते गाई-बैलांच्या आतड्याच्या आवरणापासून तयार होतं. ज्यांना हे चालणार नाही अशी कुटुंबं आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून दुकानदारानं ते आपणहून सांगायला हवं. दुसरी जात नायलॉनची. त्यात सिंथेटिक गट सर्वांत स्वस्त आणि मल्टिफिलामेंट अधिक मऊ, कारण त्यात शेकडो बारीक धागे एकत्र बांधलेले असतात. तिसरी जात पॉलिएस्टरची. तिचा कडकपणा नॅचरल गटच्या साधारण दुप्पट किंवा त्याहूनही जास्त.

पॉलिएस्टरचा दबदबा सुरू झाला तो 1997 मध्ये. जागतिक क्रमवारीत 66व्या स्थानावर असलेल्या ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्टेननं त्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकली, तेव्हा त्याच्या रॅकेटमध्ये बेल्जियमच्या लक्झिलॉन कंपनीची पॉलिएस्टर तार होती. पुढच्या काही वर्षांत व्यावसायिक टेनिसचा चेहराच बदलला. ही तार गुळगुळीत आणि ताठ असते. चेंडू घासत वर मारला की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत झटक्यानं जागेवर परततात. त्या परतीच्या झटक्यानं चेंडूला जास्तीची फिरकी मिळते. म्हणून पूर्ण ताकदीनं मारलेला फटकासुद्धा बेसलाइनच्या आत उतरतो. हे सगळं खरं आहे, पण त्यासाठी रॅकेट तेवढ्या वेगानं फिरवणारा हात लागतो.

त्यातही हा गुण फार दिवस राहत नाही. पॉलिएस्टरचा ताण लवकर उतरतो, तार आपली लवचीकता गमावते आणि मग नुसती ताठ उरते. खेळाडू याला ‘गट डेड झालं’ म्हणतात. घरच्या घरी तपासायचं असेल तर रॅकेटच्या मध्यावरची एक उभी तार बोटानं बाजूला सारून सोडा. ती टक्कन जागेवर आली तर ठीक. तिथेच अडकून राहिली आणि आडव्या तारांपाशी खाचा पडलेल्या दिसल्या, तर ती कापून टाकायची वेळ झाली आहे. पण जोरात न मारणाऱ्या मुलाच्या हातून ती तुटत नाही. पालकांना पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात आणि मूल चार-सहा महिने त्याच तारांवर खेळत राहतं. चेंडू नीट जात नाही म्हणून ते आणखी जोर लावतं. प्रत्येक फटक्याचा धक्का मनगटाला आणि कोपराला बसतो. ही गोष्ट आम्हांला मनापासून खटकते, कारण वाढत्या वयातल्या हाताचं नुकसान गटिंगच्या बिलात कुठेच दिसत नाही. नव्या चेंडूंबरोबर, म्हणजे सामन्यात आधी सात आणि पुढे दर नऊ गेमनंतर, रॅकेट बदलणाऱ्या फेडररचं पॉलिएस्टर तेवढं उचलायचं आणि त्याची ही सवय सोडून द्यायची, याला अनुकरणही म्हणता येत नाही.

हायब्रिडचा विचार इथे कामाचा ठरतो. उभ्या तारा एका जातीच्या आणि आडव्या दुसऱ्या. फेडरर आणि जोकोविच यांनी उभं नॅचरल गट आणि आडवं पॉलिएस्टर ही जोडी वापरली. अँडी मरेनं नेमकी उलट. रॅकेटचा स्वभाव मुख्यतः उभ्या तारा ठरवतात. मऊ तार उभी घातली तर हाताला आराम आणि चेंडूला वेग मिळतो. पण घर्षणानं तीच आधी तुटते. पॉलिएस्टर उभं आणि मल्टिफिलामेंट आडवं ठेवलं तर फिरकी बरीचशी राहते आणि पूर्ण पॉलिएस्टरचा कडकपणा कमी होतो. दर दोन-तीन आठवड्यांनी तारा तोडणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या खेळाडूसाठी आम्ही ही दुसरी जोडी सुचवू. ज्याच्या तारा तुटतच नाहीत, त्याला हायब्रिडचीही गरज नाही; साधं सिंथेटिक गट किंवा मल्टिफिलामेंट पुरेसं आहे. कोपर दुखत असेल तर मात्र पॉलिएस्टर आजच काढा.

खर्चाचं म्हणाल तर एका पाकिटात साधारण 12 मीटर तार येते. एका रॅकेटच्या उभ्या किंवा आडव्या भागाला त्यातली अर्धी लागते. त्यामुळे दोन जातींची दोन पाकिटं घेतली की दोन हायब्रिड होतात. अकादमीतल्या पालकांनी मिळून 200 मीटरची रिळं घेतली तर आणखी स्वस्त पडेल. नॅचरल गटचं एक पाकीट मात्र पॉलिएस्टरच्या तीन-चार पाकिटांच्या भावात जातं, आणि ओलाव्यानं ते उसवतं. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर ते बसवून घेऊ नये.

ताण किती ठेवायचा, हे दुकानदारावर सोडू नका. नायलॉन 52 पौंडांवर खेळत असाल तर पॉलिएस्टर 47-48 वर बसवायला सांगा. हायब्रिडमध्ये पॉलिएस्टरचा ताण मऊ तारेपेक्षा दोन-तीन पौंड कमी असू द्या. जाडी 1.25 ते 1.30 मिलिमीटरच्या दरम्यान असली की बहुतेकांचं भागतं. गटिंग कधी बदलायचं याचा खेळाडूंमधला जुना ठोकताळा असा, की आठवड्यातून जितक्या वेळा खेळता तितक्या वेळा वर्षातून तारा बदला. पॉलिएस्टरला तोही अपुरा पडतो. रोज सराव करणाऱ्या मुलाचं पॉलिएस्टर तुटो न तुटो, महिन्याभरात काढलेलं बरं. त्यासाठी गटिंगवाल्याकडून तारेचं नाव, पौंड आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी रॅकेटच्या गळ्याशी चिकटवून घ्या.