एका उलेमाने सांगितले

ईद आली की मराठी वर्तमानपत्रांत ‘मशिद’ दिसते आणि पुढच्याच ओळीत ‘मशीदीत’. नेमके उलटे. शब्द मशीद, पण मशिदीत. जसे वकील-वकिलाने, फकीर-फकिराला. मुद्रितशोधकाला हा नियम पाठ असतो, इथे मात्र त्याचा हात चालत नाही. ‘एका उलेमाने सांगितले’ हेही नेहमीचे. उलेमा हे अनेकवचन. एकटा असेल तो आलिम. (मराठीत उलेमाच रुळला म्हणाल, तर मी भांडणार नाही.) पण दहा मोहरमला ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ छापून येतात, त्याचे काय? इ.स. 680 मध्ये त्याच तारखेला करबलात इमाम हुसेन शहीद झाले. शुभेच्छांच्या त्या ओळीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक एकही नसते.