कव्हराखालचे १४५ घोडे

रविवार सकाळ, साडेआठ. हातात चहाचा मग, पायात स्लिपर, अंगात कालचाच टी-शर्ट. अशा अवतारात मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरायचे, कोपऱ्यातल्या गाडीचं कव्हर अर्धं वर करायचे, आत बसून किल्ली फिरवायचे आणि पाच मिनिटं मोबाइल बघत बसायचे. इंजिनची घरघर चालू, माझे रील्स चालू. पाच मिनिटं झाली की किल्ली बंद, कव्हर खाली आणि दादाला मेसेज, 'गाडी ओके.' पलीकडून एक अंगठा. जवळपास चार वर्षं हा कार्यक्रम न चुकता चालला. दर रविवारी कसलं पुण्य पदरात पडल्यासारखं वाटायचं, काय सांगू!

मग गेल्या जुलैत एका रविवारी किल्ली फिरवली आणि आवाज आला, टक. मग टकटकटकटक. मग काहीच नाही. डॅशबोर्डवरचे दिवे एकदा लुकलुकले आणि गेले.

आधी गाडीची ओळख करून देते, म्हणजे माझी का तंतरली ते कळेल. फियाट अबार्थ पुंटो. आमचं घर मुळातच फियाटवालं. बाबांची आधी प्रीमियर पद्मिनी होती, नंतर पालिओ. सचिन जिची जाहिरात करायचा तीच. त्यामुळे ऑक्टोबर २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली तेव्हा दादाला वेड लागणं स्वाभाविकच होतं. दिसायला साधी हॅचबॅक, पण आत १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत. आणि बनायची कुठे? इटलीत नाही, आपल्या पुण्याजवळ, रांजणगावला! नाकावर विंचवाचं चिन्ह, कारण कार्ल अबार्थची रास वृश्चिक. दादाची रास कन्या, पण ते असो.

२०१६ मध्ये त्याने ती घेतली, पाच वर्षं जीव लावला आणि २०२१ मध्ये नोकरीसाठी श्टुटगार्टला गेला. आता ऑटोबानच्या देशात राहतो आणि ऑफिसला ट्रामने जातो. जाताना मला किल्ली देऊन एवढंच म्हणाला, "येडे, आठवड्यातून एकदा चालू करत जा." मी अक्षरशः तेवढंच केलं. चालू केली. चालवली मात्र नाही.

कारण सरळ होतं. भीती. दादाची गाडी, घासली म्हणजे? २०१९ पासून फियाटच्या गाड्या भारतात विकल्या जात नाहीत, त्यात ही तर मोजकीच विकली गेलेली. बंपर फुटला तर आणायचा कुठून? माझी आपली स्कूटर बरी.

आमच्या गॅरेजवाल्यांना सगळे मामा म्हणतात. ते मीटर घेऊन आले, बॅटरीला लावला. अकरा पॉइंट चार. "भरलेली बॅटरी बारा पॉइंट सहाच्या आसपास पाहिजे," ते म्हणाले. मी जरा ताठ्यातच सांगितलं की मामा, दर रविवारी पाच मिनिटं चालू करते हां मी. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर गूगल करून आलेल्या पेशंटकडे पाहतात.

"ताई, पाच मिनिटांत चहासुद्धा नीट उकळत नाही. ऑइल काय गरम होणार?"

मग पार्किंगमध्ये उकिडवे बसून त्यांनी जे सांगितलं ते मला चार वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं. स्टार्टर एका झटक्यात बॅटरीतून भरपूर करंट ओढतो. तो परत भरायला अल्टरनेटरला वेळ लागतो, आणि नुसत्या आयडलवर तर तो फारच सावकाश भरतो. त्यात गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटरची मेमरी हे सगळे थोडं थोडं करंट पीतच असतात. म्हणजे मी दर रविवारी खात्यातून शंभर काढून दहा भरत होते आणि वर पासबुक बघून खूश होत होते. बॅटरी अशी अर्धपोटी राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, मग ती चार्ज केली तरी धरत नाही.

पण बॅटरीचं दुखणं त्यातल्या त्यात स्वस्त. पेट्रोल जळतं तेव्हा पाणीही तयार होतं. इंजिन तापलं की ते वाफ होऊन निघून जातं, थंड इंजिनात मात्र ते तिथेच राहतं, थोडं ऑइलमध्ये, थोडं सायलेन्सरमध्ये. मामांनी ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. आतून दुधावर येते तशी पिवळट साय. "हे तुमचं रविवारचं पाणी," ते म्हणाले. टर्बोची बेअरिंग याच ऑइलवर जगतात, त्यामुळे गाडी वर्षाला दोनशे किलोमीटर चालो नाहीतर वीस हजार, ऑइल वर्षातून एकदा बदलायचंच. मी मीटर बघून 'अजून कुठे चाललीये' म्हणत सलग दोन वर्षं टाळलं होतं.

मग बॉनेटच्या कोपऱ्यातून निघाला नारळाच्या काथ्याचा गुबगुबीत गोळा, सोबत अर्धी वाळकी चपाती. पार्किंगमधल्या उंदरांनी मस्त वन बीएचके थाटला होता! दोन वायरी कुरतडलेल्या. यावर सोसायटीत प्रत्येकाकडे रामबाण उपाय आहे. जोशीकाकू डांबराच्या गोळ्या म्हणतात, वॉचमन तंबाखूची पानं म्हणतो. मी दोन्ही करून पाहिलं. आमचे उंदीर बहुधा व्यसनी निघाले. हलती गाडी उंदरांना आवडत नाही, हा एकच उपाय मला लागू पडलेला दिसतो.

मागची चाकं हलेचनात, कारण पावसाळाभर हँडब्रेक ओढून ठेवल्याने पॅड डिस्कला चिकटले होते. (गाडी उभी ठेवायची तर गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली वीट किंवा लाकडाची पाचर लावा, हँडब्रेक सोडा.) कव्हर मी स्वस्तातलं प्लॅस्टिकचं घेतलेलं, त्यामुळे आत दमट भपका. आणि टायर! नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती म्हणून मी निर्धास्त. मामांनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले, १९१६. म्हणजे २०१६ सालचा एकोणिसावा आठवडा. नऊ वर्षांचं रबर, कडेला बारीक बारीक भेगा. तुमच्याही गाडीवर हे आकडे असतात, आज घरी जाताना वाकून बघाच.

मंडळी, अशी एक तरी गाडी प्रत्येक सोसायटीत असते. कुणाची अख्ख्या देशात दोनशेच आणलेली ऑक्टाव्हिया आरएस २४५, कुणाची जुनी व्हीटेक सिटी. मालक एकतर परदेशात, नाहीतर रोज मेट्रोने ऑफिसला. ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून गुडघे कोण दुखवून घेणार? म्हणून गाडी 'जपून' ठेवलेली. लोणच्याची बरणी ठेवतात तशी. फरक एवढाच की लोणचं मुरतं, गाडी सडते.

पेट्रोलचंही तेच. २०२५ पर्यंत पंपावरचं साधं पेट्रोल देशभर वीस टक्के इथेनॉलवालं झालं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि २०१६ ची गाडी त्या मिश्रणाचा विचार करून बनलेली नाही. त्यामुळे मी आता एका वेळी दहा-बारा लिटरच भरते आणि ते महिन्याभरात संपवते. कागदपत्रांचा जाच वेगळाच. पीयूसी उभ्या गाडीलाही लागते आणि नसेल तर दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. विमा संपून नव्वद दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस गेलाच. २०२२ पासून विमा नियामकाने किलोमीटरवर आधारित कव्हरला परवानगी दिली आहे, आपल्यासारख्यांनी ते जरूर विचारून बघावं.

एकूण बिल ऐकून मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. पहिल्यांदाच मेसेजमध्ये 'गाडी ओके' नव्हतं. सगळं सांगून टाकलं, उंदराच्या फ्लॅटसकट. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "विकून टाक ना मग. मी काय इतक्यात परत येत नाहीये."

हे 'इतक्यात' आईने स्वयंपाकघरातून ऐकलं. ती काही बोलली नाही, कुकरची शिट्टी काढून परत लावली.

मी जाहिरात टाकली. चौथ्या दिवशी कोल्हापूरहून एकाचा फोन. त्याच्याकडे लिनिया टी-जेट होती, ही गाडी दोन वर्षं शोधत होता. किंमतही चांगली देत होता. मी म्हटलं, सोमवारी फोन करा.

तोवर नवी बॅटरी, नवं ऑइल, नवे टायर बसले होते. विकायच्या आधी गाडी धड चालते का ते बघायला नको का? त्या रविवारी सकाळी सहाला उठले. स्लिपर नाही, बूट घातले. खाली उतरले तर आई आधीच पुढच्या सीटवर! शाल गुंडाळून, मांडीवर पर्स. "चल," म्हणाली, "मला काय घरात काम नाहीये."

चांदणी चौकाने भूगावकडे निघालो. दादा गेला तेव्हा इथला जुना पूल जागेवर होता, तो २०२२ मध्ये पाडला. नवे रॅम्प त्याने पाहिलेलेही नाहीत. पहिली दहा-पंधरा मिनिटं मी गाडीला अजिबात पिदडलं नाही. मामांची सक्त ताकीद होती की टेंपरेचरचा काटा मधे आला म्हणजे फक्त कूलंट तापलं, ऑइलला अजून वेळ लागतो. सुरुवातीचे दोन-चार ब्रेक खर्र वाजले, डिस्कवरचा गंज घासला जात होता. स्टीअरिंग जड. दोन हजार आरपीएमच्या खाली ही गाडी अगदी आळशी, मला वाटलं यासाठी एवढं कौतुक?

भूगाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. तिसऱ्या गिअरमध्ये पाय जरा दाबला. काटा दोन हजारांच्या पुढे गेला आणि कुणीतरी पाठीत हात घालून ढकलल्यासारखं... आईशप्पथ! स्कूटरवर असं काही होत नाही. आईने दाराचं हँडल पकडलं. मी पटकन पाय काढला, म्हटलं आता ऐकावं लागणार.

"तो पण इथेच करायचा असं," ती म्हणाली. "इथूनच पुढे."

पिरंगुटला वडापाव खाल्ला. परत आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवली, टर्बो शांत व्हायला. वळवताना डावं मागचं चाक कट्ट्याला घासलंच. नवीन टायर, जुनी अलॉय, त्यावर चार बोटं लांब पांढरी रेघ. तिचा फोटो काढला आणि 'गाडी ओके'च्या जागी तोच दादाला पाठवला. दोन मिनिटांत फोन. मी कान बंद करायच्या तयारीत. "घासली?" तो म्हणाला. "म्हणजे चालवलीस?"

सोमवारी बरोब्बर दहाला कोल्हापूरचा फोन आला. मी म्हटलं, सॉरी, गाडी द्यायची नाहीये. मला वाटलं वैतागेल. तो हसला. "मला वाटलंच होतं. किती वर्षांची झाली?"

"नऊ."

"टायमिंग बेल्ट बदललाय कधी?"

मी गप्प.

"किलोमीटर बघू नका ताई, वय बघा. रबर आहे ते. तुटला तर इंजिन उघडावं लागेल. आधी तेवढं करा, मग फिरवा."

मामांना लगेच फोन लावला. बेल्ट मागवलाय. येईपर्यंत रविवारी सकाळी सहाला आईला थोपवून कसं धरायचं, एवढाच प्रश्न आहे.