विश्लेषण : घोड्याच्या पाठीवरचा व्रण झाकायचा की वाचायचा?

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. अशा बाजारात चाल, रंग आणि भोवरे पाहून घोड्याची किंमत ठरते. व्रण दिसला की ती घसरते. म्हणूनच काळ्या किंवा कुमैत घोड्याच्या पाठीवरचे पांढरे चट्टे कलप लावून लपवण्याचा मोह होतो. पण लपते ती केवळ खूण नव्हे.

पांढरे केस का येतात?

खोगीर नीट बसत नसेल, तर त्याचा दाब रोज एकाच जागी पडतो. तिथल्या केसांना रंग देणाऱ्या पेशी निकामी होतात आणि पांढरे केस उगवतात. जखम खोल असेल, तर केसांची मुळेच नष्ट होतात. मग तिथे उघडी कातडीच राहते.

उपचाराने व्रण जातो का?

जुना व्रण पूर्ण जात नाही. त्यावर कायमचा काळा केस उगवेल, असे मलम नाही. खरा उपचार ताज्या जखमेवरच करायचा असतो. जखम स्वच्छ धुवावी, पशुवैद्यकाला दाखवावी आणि धनुर्वाताची लस चुकवू नये. गुडघ्याखालच्या जखमेत मांस प्रमाणाबाहेर वाढू शकते. तिथे घरगुती जालीम उपाय केल्यास व्रण वाढतो. पाठीची जखम भरेपर्यंत खोगीर चढवू नये. मालकाला हाच उपाय महाग वाटतो, कारण तेवढे दिवस कमाई बुडते.

झाकण्यात गैर काय?

भरलेल्या व्रणावर वरातीपुरता निर्धोक रंग लावणे वेगळे आणि खरेदीदारापासून तो दडवणे वेगळे. माणसांच्या कलपाने कातडीला ॲलर्जी होऊ शकते. शिवाय खूण दिसली नाही, तर नवा मालक त्याच जागी पुन्हा खोगीर कसतो.

कायदा काय सांगतो?

जखमेमुळे कामास अयोग्य असलेल्या जनावराला राबवणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा १० ते ५० रुपये आहे. एवढ्या दंडाचा धाक कोणाला वाटणार?

त्यामुळे खरी मदार खरेदीदारावर आहे. खोगीर उतरवायला लावावे, उजेडात केसांच्या उलट दिशेने हात फिरवावा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावे. फडक्याला रंग लागला किंवा घोड्याने अंग चोरले, तर सौदा थांबवून आधी कारण विचारावे.